विपुलच्या पाकटाचा नियम

आमचा विपुल जाऊन आता सात महिने झाले. बाराव्याला आमच्या नरपडमधलाच एक म्हातारा माणूस आलेला, त्याने मला विचारलं, पोरगा करायचा काय. मी बोलली, डहाणूला प्रेसमध्ये होता, लग्नाच्या पत्रिका छापायचा. तो बोलला, बरं. आणि चहा प्यायला. विपुलचं एवढंच झालं, एक बरं आणि एक चहा. तेव्हापासून माझं डोकं जागेवर नाय. म्हणून हे मोबाईलवर लिहिते, जसं बोलते तसं.

मी चंद्रावती, विपुलची मोठी बहीण. डहाणूच्या बाजारात मासळी विकते. विपुल झाला तेव्हा मी अकरा वर्षांची. आई टोपली घेऊन गेली की तो माझ्या काखेत. खाली ठेवला की रडायचा, उचलला की उतरायला बघायचा. शाळेत पण तसंच, मास्तर बोलायचे ह्याच्या बाकाला स्प्रिंग आहे. फक्त चित्र काढताना गप्प. वहीच्या मागच्या पानावर मासे काढायचा, आणि असेतसे नाय, शिंगाळ्याच्या मिशा किती, चिंबोरीची मोठी नांगी कुठल्या बाजूला, सगळं बरोबर. मी टोपलीतून एकेक मासा वर धरायची आणि हा काढायचा. मासा नरम पडायला लागला तरी ह्याचं चालूच, मग आई ओरडायची ती मला.

बारावी झाला आणि बाबांच्या बोटीवर गेला. एक हंगाम गेला फक्त. रोज उलटी. मच्छीमाराचा पोरगा बोटीवर ओकतो म्हणून बंदरावरची माणसं त्याला बघितलं की खिशातून लिंबू काढून दाखवायची. तो पण हसायचा. पण दुसऱ्या हंगामाला बाबांनीच सांगितलं, राहू दे बाबा, तू जमिनीवरच रहा. मग प्रेसमध्ये लागला, कॉम्प्युटरवर पत्रिका बसवायचा. तिथे पण बसून पाय हलत असायचा, टेबल हलायचं, बाजूचा माणूस शिव्या द्यायचा.

एकदा प्रेसचा कागद आणायला मुंबईला गेला. तिथे दुकानाच्या पायरीवर दोन कॉलेजची पोरं पत्ते खेळत होती. आपले राजा-राणीचे नाय, बाहेरच्या देशातले, पत्त्यावर साप, राक्षस, पंखवाली जनावरं. विपुल बघत उभा राहिला तो तीन तास. कागद न घेताच घरी आला. मालकाने झापलं, घरी मी झापलं. ह्याला काय त्याचं. रात्रभर मला समजावत बसला की ताई, प्रत्येक जनावराची एक ताकद असते, पण ती अशीच नाय वापरता येत, तिचे नियम असतात. ते पत्ते आपल्याला परवडणारे नव्हते, मग त्याने स्वतःचे बनवले. प्रेसमध्ये एका लग्नाच्या तीनशे पत्रिका तारीख चुकून वाया गेल्या होत्या. चूक विपुलचीच होती. त्या सगळ्या घरी आणल्या, कापल्या, एका बाजूला आपली जनावरं काढली, शार्कसारखी मुशी, शेपटीत विषारी काटा असलेला पाकट, निवटी, बोंबील, कालवं सुद्धा. पाठीमागे सगळ्यांवर एकच, चि. सौ. कां. रुपल. पाठ सारखी पाहिजे बोलला, नायतर समोरच्याला कळतं आपल्या हातात काय आहे.

पण खेळणार कोणाशी. गावातली पोरं दोन दिवस खेळली आणि क्रिकेटला गेली. मला शिकवायला बघायचा तर मी बोलायची, मला टोपलीतलं मावरं निवडायचंय, जा. हे मी खूप वेळा बोलली. किती वेळा ते आता मोजत बसते.

एकतीस वर्षांचा असताना त्याचे पाय सुजायला लागले. किडन्या गेलेल्या. मी माझी देते बोलली, तर माझी शुगर निघाली. मग डायलिसिस. तलासरीच्या बाजूला हायवेवर एक सेंटर आहे, सोमवार आणि गुरुवार. हाताला दोन सुया लावतात आणि चार तास तो हात हलवायचा नाय. विपुलला. चार तास. मला वाटलं हा मशीनसकट उठून चालायला लागेल.

तिथे बाजूच्या खाटेवर हिरूकाका होता. वेवजीचा, साठ-पासष्टचा, एसटीत कंडक्टर होता, रिटायर झालेला. तो विपुलपेक्षा वरचढ. तासाभरात सिस्टरला सांगायचा, सुई काढ, मला जायचंय. तीस वर्षं उभ्याने काढली, आता झोपवून ठेवता काय, बोलायचा. दोनदा त्याने स्वतःच चिकटपट्टी सोडवलेली. विपुलने बघितलं आणि पुढच्या वेळी पत्ते घेऊन गेला. काकाच्या उजव्या हाताला सुया, विपुलच्या डाव्या, म्हणजे मोकळे हात दोघांचे मधे यायचे. मधे जेवणाची ट्रॉली लावायची. एका हाताने पत्ते धरता पण येतात आणि मांडता पण येतात असं होत नाय, म्हणून विपुलने माझ्या मासळीच्या थर्माकोलचा तुकडा कापून त्याला खाचा पाडल्या, त्यात पत्ते उभे राहायचे. सेंटरमध्ये मासळीचा वास येतो म्हणून सिस्टर कटकट करायची. पण काका बसतो म्हटल्यावर तिने सोडून दिलं.

खेळ असा. काही पत्ते भरतीचे, ते मांडले की आपल्याकडे पाणी येतं. बाकीचे जनावरांचे, आणि थोडे जाळ्याचे, ते समोरच्याच्या पाळीत पण टाकून त्याचं जनावर बाहेर काढता येतं. जनावराची ताकद सोडायची तर तेवढं पाणी मोजून द्यायचं आणि पत्ता आडवा करायचा. आणि जनावर ज्या पाळीला खाली उतरलं त्या पाळीला त्याची ताकद सोडता येत नाय. आताच पाण्यातून वर काढलंय, त्याला दम घेऊ दे, असं विपुल सांगायचा. काकाला दिवसाला दोन ग्लास पाणी प्यायची परवानगी. तो बोलायचा, ह्या खेळात तरी पाणी भरपूर आहे. आणि खेळाचं नाव त्याने पाठ बघून ठेवलेलं, रुपलचं लगीन. आला की बोलायचा, चल रे, लाव रुपलचं लगीन, मुहूर्त टळतोय. असं सव्वा वर्ष चाललं. काकाने चिकटपट्टीला परत हात लावला नाय.

मग एका बुधवारी सकाळी विपुल चपला घालायला खाली वाकला आणि उठला नाय. पोटॅशियम वाढलेलं, हृदय बंद पडलं, असं डॉक्टर बोलले.

मी पंधराव्या दिवशी बाजारात बसली. घरात बसवेना. नवरा बोलला एवढ्यात कशाला, लोक काय बोलतील. मी बोलली लोकांनी बोलावं, मला घरी भिंती दिसतात. बाजारात पण काय, पापलेटचा भाव विचारला तर बोंबलाचा सांगायची. तिथे एक बाई आली, मासळी न बघता माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. तिने विचारलं, ताई, रुपलचं लगीन तुम्हाला येतं का?

ती जानी, हिरूकाकाची सून. तिने सांगितलं की विपुल गेल्यापासून काका सेंटरला जात नाय. चार वेळा जायचं होतं, एकदाच गेला, तो पण दीड तासात उठला. पाय सुजून चप्पल चढत नाय, आडवा झाला की दम लागतो. डॉक्टर बोलला असंच केलं तर महिना पण नाय काढणार. घरच्यांनी हातापाया पडून झालं. तो नुसता बोलतो, मला नाय जायचं तिथे. जानीला वाटत होतं पत्ते घेऊन कोणी आलं तर तो गाडीत बसेल. मी बोलली येते. मला एक पत्ता खेळता येत नव्हता.

गुरुवारी मी सकाळी वेवजीला गेली. काका ओट्यावर बसलेला, तोंड सुजलेलं. त्याने मला बघितलं, पिशवीतला थर्माकोल बघितला. विचारलं, येतं तुला? मी येतं बोलली. तो बोलला, विपुल तर बोलायचा माझी बहीण पत्त्याला हात लावत नाय, तिला वाटतं वेळ जातो. मी बोलली, आता लावते. त्याने तोंड वाकडं केलं. पण जानीच्या नवऱ्याने इको गाडी दारात लावली तेव्हा उठून बसला गाडीत.

सिस्टरने मला काकाच्या बाजूला स्टूल दिलं. विपुलच्या खाटेवर दुसरा कोणीतरी झोपलेला, मी तिकडे पाठ केली. पत्ते वाटले. थोडंफार कानावर पडलेलं होतं, पाणी द्या, पत्ता आडवा करा. मी तसं करत गेली. आता आमच्या धंद्यात कसं असतं, नेहमीचं गिऱ्हाईक बोललं हा माझा ठेव, जरा बाजारात जाऊन येते, की आम्ही तो मासा पाटीवर आडवा फिरवून ठेवतो. आडवा म्हणजे विकला. दुसऱ्याला दाखवायचा नाय, हात लावायचा नाय. माझ्या हाताला तीच सवय. मी जनावराची ताकद सोडली, पत्ता आडवा केला, आणि माझ्यासाठी तो पत्ता संपला. एकेक करून माझी सगळी जनावरं आडवी. काकाची जनावरं मात्र दर पाळीला परत परत मारायची. मला वाटलं त्याचे पत्ते चांगले आहेत. पाऊण तासात मी हरली. परत वाटले, अर्ध्या तासात हरली.

काका बोलला, झालं लगीन. सिस्टर, सुई काढ.

सिस्टर ओरडली, जानी रडली, मी हात जोडले. तो पावणेदोन तासांवर उठला. बाहेर गाडीत बसताना मला बोलला, "बाय, तुला हरायचंच होतं तर घरी बसून हरायचं. तू एक पत्ता उभा केला नाय."

मला कळलंच नाय तो काय बोलला. घरी येऊन विपुलची खेळाच्या नियमांची वही काढली. ती वही मी तोवर उघडली नव्हती, त्याचं अक्षर बघवत नव्हतं. पहिल्याच पानावर होतं. आपली पाळी आली की पहिलं काम, आडवे पत्ते उभे करा. त्याच्याखाली दोन रेघा मारलेल्या. मी तिथे भाकरी भाजत होती, तव्यावर भाकरी काळी झाली. म्हणजे जनावर वापरलं की संपत नाय, एक पाळी थांबतं आणि परत उभं राहतं. मी आपली सगळं दुकान बंद करून बसलेली.

मग तीन दिवस मी तेच केलं. बाजारात पाटीवर पत्ते मांडायची, एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने पण मीच. बर्फाचं पाणी लागून शिंगाळ्याचा एक पत्ता खराब झाला. बाजूची बायजा विचारायची, चंद्रा, जुगार लावलास काय. मी बोलायची हो, मोठा. कुठला पत्ता कधी आडवा करायचा आणि कुठला राखून ठेवायचा हे मला मासळीवरून पटकन समजलं. सगळा माल सकाळीच दाखवला तर दुपारच्या गिऱ्हाइकाला काय देशील. तसंच ते.

सोमवारी खेळ दोन तास चालला. हरली मी, पण काकाला दोनदा विचार करायला लागला. अडीच तासांवर उठला. गुरुवारी तीनवर. त्या गुरुवारी मधेच त्याने विचारलं, वहीत पाकटाचं काय लिहिलंय? मी पानं उलटली. पाकटाचं चित्र होतं, दोन पाणी द्या, पत्ता आडवा करा, समोरच्या एका जनावराला काटा मारा. बस, एवढंच. पुढचं पान कोरं. काका परत खेळायला लागला, पण त्याचं लक्ष उडालेलं. मग मला त्याने सांगितलं, माझ्याकडे न बघता, थर्माकोलकडे बघून.

विपुल शेवटचा सोमवारी आला तेव्हा त्याने पाकट आडवा केलेला, काकाच्या मुशीला काटा मारायला. काकाकडे जाळ्याचा पत्ता होता. त्याने लगेच जाळं टाकून पाकट बाहेर काढला आणि बोलला, पाकट गेला, आता काटा कुठला. विपुल बोलला, ताकद सोडून झाली, पाकट गेला तरी काटा लागणार. दोघं हट्टाला पेटले. एवढे की कोपऱ्यातल्या बाईचं बीपी वाढलं आणि सिस्टरने ट्रॉलीच उचलून नेली. काका विपुलला बोलला, तू लबाड आहेस, खेळ तुझा, नियम तुझे, मग जिंकणार पण तूच, मी नाय खेळत जा. आणि भिंतीकडे तोंड केलं. दीड तास विपुल त्याला काका काका करत होता. ह्याने तोंड फिरवलं नाय. बुधवारी विपुल गेला.

हे सांगून काका उठला. त्या दिवशीचे तीन तास ते असे.

घरी गेल्यावर मी नुसती फिरत होती, अंगण ते खाडी, खाडी ते अंगण. मला काकाचा राग यायला पाहिजे होता, येत पण होता. माझा भाऊ दीड तास हाका मारत होता. पण मग मला ते पण आठवायचं, मावरं निवडायचंय, जा. मी काय वेगळं केलं. आणि ह्या माणसाला तिथे खाटेवर पडलं की दर वेळी ती भिंतच दिसणार, म्हणून तो पळतो. तो नियम सुटल्याशिवाय काका चार तास बसणार नाय, हे मला तेव्हाच समजलं. पण वहीत नव्हता तर मी आणणार कुठून.

पुढच्या सोमवारी मला पाकट आला. मी तो उतरवला, एक पाळी थांबली. काकाची मुशी समोर होती, तिने माझं सगळं खाऊन टाकलेलं. दोन पाणी मोजून दिलं, पाकट आडवा केला, मुशीला काटा बोलली. काकाने खाचेतून जाळं काढलं. त्याने जाळं माझ्या पाकटावर ठेवलं.

"पाकट गेला," काका बोलला.

"गेला. पण काटा लागणार."

"तू पण तेच? जनावर मेलं तर काटा कोण मारणार?"

मी त्याला माझा हात दाखवला. अंगठ्याच्या खाली खड्डा आहे, अजून पांढरा दिसतो. मी वीस वर्षांची होती तेव्हा टोपलीत हात घातला, आत पाकट, सकाळपासून बर्फात, मेलेला. बोटीवर त्याची शेपटी तोडायची राहिलेली. काटा असा गेला की तीन दिवस हात खांद्यापर्यंत सुजला, तापाने मी बडबडत होती. विपुल तेव्हा नऊ वर्षांचा. दवाखान्यात माझ्या पायाशी बसून होता, एका जागी, तीन दिवस. मी काकाला बोलली, तो पाकट मरून सहा तास झालेले. तरी लागला की नाय.

काकाने माझा अंगठा धरून नीट बघितला. मग बोलला, तो पाकट खरा, हा कागदाचा. मी बोलली कागदाचा असला तरी हा काढलाय कोणी, ज्याने तो हात बघितला त्यानेच ना. त्याने अंगठा सोडला. मशीन टिकटिक करत होतं. मला वाटलं हा उठणार. मी स्टुलावरून अर्धी उभी राहिलेली.

मग तो आपणच बोलायला लागला, हळू. "गाडीत माणूस चढला, त्याने तलासरीचं तिकीट काढलं. मी फाडून दिलं. तो मधेच विवळवेढ्याला उतरला, देवीला जायचं म्हणून. तर तिकीट फाडलेलं ते फाडलेलंच. पैसे परत द्यायचे नाय. माणूस गाडीत असो नायतर नसो."

"मग?"

"दोन पाणी दिलं. पत्ता आडवा झाला. तिकीट फाटलं ना गं."

मी बोलली, हो, फाटलं.

"तीस वर्षं मी तेच काम केलं," काका बोलला. "आणि पोराला लबाड बोललो."

आणि त्याचा मोकळा हात सुयांच्या हाताकडे गेला, चिकटपट्टीकडे. सिस्टर लांब होती, जानी बाहेर. मशीनवर एक तास पन्नास मिनिटं बाकी दाखवत होतं. मी त्याचा हात धरला नाय. मला माहीत होतं धरला तर तो झटकणार.

मी बोलली, "काका, त्या दिवशी तू तोंड फिरवलंस, आज उठून जातोस. माझा काटा लागलाय. तुझी मुशी मेली, ती आधी बाहेर काढ. खेळ अर्धा आहे."

तो बघत राहिला माझ्याकडे. डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्याने पुसलं नाय, एकच हात मोकळा होता आणि तो चिकटपट्टीवर होता. मग तो हात ट्रॉलीवर आला. त्याने मुशी उचलली आणि बाजूला ठेवली. पाकट आणि जाळं पण त्याच्या बाजूला ठेवलं, नीट, एकावर एक.

"ते वहीत लिही," तो बोलला. "कोरं पान आहे बोललीस ना. माझं नाव घालून लिही, हिरूने मानलं म्हणून."

मी लिहिलं. माझं अक्षर वाकडंतिकडं, लिहायला वेळ लागला. ताकद सोडली की जनावर राहिलं नाय तरी ताकद लागते, हिरूकाकाला मान्य. त्याने मला दोनदा वाचायला लावलं.

मग तो बोलला, माझी पाळी, आणि आपले आडवे पत्ते एका बोटाने उभे करायला लागला.